समुद्राची राखण कोण करतो आणि कशी?

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा छोटा बिल्ला अडकवलेला आढळला. त्यावरचा क्रमांक होता ०३२३३. नोंदी तपासल्यावर कळले की भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी हा बिल्ला मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा येथे तिला लावला होता. पूर्व किनाऱ्यावरची कासवे वेगळी आणि आपल्या बाजूची वेगळी, असे तोवर साधारणपणे धरले जात होते. ही मादी मात्र श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहत कोकणात पोहोचली होती. म्हणजे केरळ, कर्नाटक आणि आपला गोवा यांच्यासमोरूनच ती गेली असणार.

ह्या प्रवासात तिची राखण कोणी केली, हा प्रश्न सध्या विचारण्याजोगा आहे. १७ जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्रातील जीवसृष्टीच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये जगातील देशांनी मॉन्ट्रियल येथे ठरवले होते की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा प्रत्येकी ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणायचा. अशा बातम्या वाचून म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा वाटा घेणाऱ्या माणसाला साहजिकच वाटते की ह्याचा आपल्याशी काय संबंध, आणि समुद्राला कुंपण तरी कसे घालणार?

पेडण्याच्या शेतकऱ्याला ‘राखण’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भात पोटरीला आले की रानडुकरांपासून ते वाचवण्यासाठी कोणीतरी माळ्यावर बसून रात्र जागवायची, ही राखण. कोणी राखायचे, कशापासून राखायचे आणि किती दिवस, ह्या तीन गोष्टी ठरल्याशिवाय ती होत नाही. समुद्राच्या संरक्षणाची कोणतीही बातमी वाचताना हेच तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे असतील तर ती बातमी कामाची, नाहीतर ती केवळ घोषणा, असे मला वाटते.

एकच समुद्र, पण पट्टे चार

आपल्याला किनाऱ्यावरून समुद्र अखंड दिसतो. कायद्याच्या नजरेत मात्र त्याची वाटणी घरासारखी झालेली आहे: आधी ओटी, मग अंगण, अंगणापलीकडे भाट, म्हणजे माडांची बाग, आणि भाटापलीकडे कोणाच्याच नावावर नसलेले रान.

ओटी म्हणजे भरतीरेषेच्या आसपासची वाळू, खाड्या आणि खारफुटी. येथे किनारी नियमन क्षेत्राचे नियम चालतात, ज्यांना आपण सर्रास ‘सीआरझेड’ म्हणतो. हे नियम प्रथम १९९१ मध्ये आले, मग २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने निघाले. अंगण म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे, सुमारे २२ किलोमीटरचे पाणी. येथील मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, आपले भाट. ह्याला विशेष आर्थिक क्षेत्र म्हणतात, आणि तेथील मासे व खनिजे यांवर हक्क भारताचा, अधिकार केंद्र सरकारचा. त्याच्याही पलीकडे खुला समुद्र. जगाच्या महासागरांचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असा खुला आहे.

मासे, कासवे आणि देवमासे ह्यांच्यासाठी ही वाटणी अस्तित्वातच नाही. एका पट्ट्यात जपलेला जीव पलीकडच्या पट्ट्यात मारला गेला तर पहिल्याचे कष्ट वाया जातात. समुद्राच्या संरक्षणातली बरीचशी अडचण आणि अलीकडची बरीचशी प्रगती ह्या एका गोष्टीत आहे.

वाळूवरची राखण

गोव्यात कासवांची चार किनारी गावे ठरलेली आहेत: उत्तरेत मोरजी आणि मांद्रे, दक्षिणेत आगोंद आणि गालजीबाग. २०११ च्या किनारी अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात ह्या चारही किनाऱ्यांची नावे घेऊन कासवांच्या विणीच्या जागेत विकासकामे करू नयेत, असे म्हटले आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला.

पूर्वी गोव्यात कासवाची अंडी काढून खाल्ली आणि विकली जात, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवते. १९९०च्या दशकात मोरजीला गावातल्याच माणसांनी आणि वन खात्याने मिळून घरट्यांची राखण सुरू केली, आणि अंडी कोठे असतात हे ज्यांना अचूक ठाऊक होते त्यांच्यापैकी काही जणच राखणदार झाले. प्रगतीचा खरा आरंभ तेथे झाला.

मोरजीला एकदा पहाटे वाळूवर मला एक माग दिसला. लहान ट्रॅक्टर समुद्रातून वर येऊन परत गेला असावा तसा. माग वर जेथे संपत होता तेथील वाळू सपाट आणि घट्ट होती, कारण ही मादी अंडी पुरल्यावर आपले अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू चोपते. कर्मचाऱ्याने बोटांनी हळूहळू वाळू सारली तेव्हा कोपराच्या वरपर्यंत हात आत गेला आणि तळाशी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची, ओलसर पांढरी अंडी लागली. एका घरट्यात ती शंभराच्या आसपास असतात. वाळू पुन्हा लोटून भोवती जाळीचे कुंपण उभे राहिले आणि तारखेची पाटी लागली. पुढे पन्नासएक दिवस कुत्री, कोल्हे आणि माणसे ह्यांच्यापासून ते वर्तुळ राखायचे. कोणी, कशापासून, किती दिवस, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका पाटीवर मावत होती.

अलीकडच्या हंगामांत गोव्यातल्या घरट्यांची संख्या शंभराच्या वर गेली आहे. काही जण आक्षेप घेतात की हजार पिल्लांतले जेमतेम एखादे मोठे होते असे शास्त्रज्ञच सांगतात, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर त्याच हिशेबात आहे. हजारातले एक वाचते म्हणूनच हजार पिल्ले पाण्यापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. शिवाय हे फळ लगेच दिसत नाही, कारण पिल्लू विणीच्या वयाचे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. हिरव्या समुद्री कासवाच्या बाबतीत जगभर अनेक दशके किनारे राखल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन ह्या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘धोक्यात’ ह्या वर्गातून काढून ‘चिंता कमी’ ह्या वर्गात ठेवले. आपली ऑलिव्ह रिडले अजून ‘असुरक्षित’ वर्गात आहे.

गोव्यात ह्या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू आता अंडीचोर राहिलेला नाही, उजेड हा आहे. पिल्लू वाळूबाहेर येते ते बहुधा रात्री, आणि समोर जेथे आकाश अधिक उजळ तिकडे धावते. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. शॅक आणि रिसॉर्टचे दिवे लावले की ती रस्त्याची होते. त्यावर उपाय साधा आहे: विणीच्या हंगामात, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, समुद्राकडे तोंड केलेले दिवे बंद ठेवणे किंवा झाकणे. पर्यटनाचाही हंगाम नेमका हाच असल्यामुळे हा साधा उपाय दरवर्षी नव्याने पटवून द्यावा लागतो, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते.

बियाण्याचे भात आणि मासेमारीची बंदी

मादी पाण्यात परतली की ती ‘अंगणात’ आली. येथे तिच्याबरोबर बांगडे, तारले, इसवण, सुंगटे सगळेच आहेत.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते. २०१५ पूर्वी ही बंदी १५ जूनला सुरू होत असे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही, ही आपली जुनी रीत ह्याच विचाराची आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि त्याच सुमारास अनेक मासे अंडी घालतात हे दुसरे. कुळवाडी कितीही अडचणीत असला तरी बियाण्यासाठी राखून ठेवलेले भात कांडत नाही. गाभोळीने भरलेला मासा हे समुद्राचे बियाणे आहे.

दोन महिने थांबून १ ऑगस्टला सगळे ट्रॉलर एकदम तुटून पडले तर राखलेले सगळे आठवड्यात संपणार नाही का, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून बंदी ही एकटी पुरत नाही. कोणत्या साधनाने आणि कोठे पकडायचे हेही ठरवावे लागते. १९७०च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन जाळी ओढू लागले तेव्हा गोव्याच्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, दीर्घ आंदोलन केले, आणि १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने किनाऱ्याजवळचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. आज आपण ज्याला पर्यावरणरक्षण म्हणतो त्याची गोव्यातली एक मोठी लढाई पोटासाठी लढलेल्या माणसांनी जिंकलेली आहे, हे विसरले जाऊ नये.

अलीकडची भांडणे एलईडी आणि बुल ट्रॉलिंगची आहेत. एलईडी मासेमारीत जनरेटरवर प्रखर दिवे पेटवून दूरदूरचे मासे एका जागी गोळा करतात आणि घेरतात. बुल ट्रॉलिंगमध्ये दोन बोटी मिळून एकच अवाढव्य जाळे ओढतात. दोन्हींत लहान-मोठे काही सुटत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रात ह्या दोन्हींवर बंदी घातली. तरीही रात्री क्षितिजावर दिवे दिसल्याच्या तक्रारी रापणकार करतच असतात. नियम आहे, पण २२ किलोमीटरच्या अलीकडे एका सरकारची गस्त आणि पलीकडे दुसऱ्याची, आणि बोट काही मिनिटांत रेषा ओलांडते. राखणीत खिंडार पडते ते अशा सांध्यावर.

नियमांचा सारा भार मच्छीमारावरच का, असा प्रश्न मच्छीमार विचारतो आणि तो रास्त आहे. त्याचे चांगले उत्तर गुजरातने दिले. देवमुशी (व्हेल शार्क) हा जगातला सर्वात मोठा मासा २००१ मध्ये संरक्षित झाला, पण तो चुकून जाळ्यात अडकला तर सोडवण्यासाठी महागडे जाळे कापावे लागते. तेथे कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली आणि जे हात पूर्वी त्याची शिकार करत होते तेच त्याला सोडवू लागले. महाराष्ट्रानेही २०१८ पासून संरक्षित जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली. भरपाईची ही रीत मला कुठल्याही दंडापेक्षा अधिक परिणामकारक वाटते.

खाजन: वाढलेला आकडा जपून वाचावा

आता खाडीकडे वळू, कारण गोव्याचा सगळ्यात मोठा धडा येथे आहे.

वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे भारतात ४,९९२ चौरस किलोमीटर खारफुटी आहे आणि त्यातली २७ गोव्यात. दशकभरापूर्वी हा आकडा २२ होता. खारफुटीच्या मुळांच्या जाळीत सुंगटे, शेवटे आणि कुर्ल्या ह्यांची पिल्ले मोठी होतात, लाटांचा जोर मोडतो आणि चिखलात कार्बन साठून राहतो. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ मध्ये जाहीर झाले तेव्हापासून तेथील खारफुटी उत्तम टिकली आहे. तेव्हा वाढ ही आनंदाचीच बातमी. मात्र ही सगळीच वाढ एका कारणाने झालेली नाही.

गोव्याच्या पूर्वजांनी शतकानुशतके खपून मांडवी-जुवारीच्या काठची भरतीखालची जमीन बांध घालून शेतीखाली आणली. हीच आपली खाजने, साधारण साडेसतरा ते अठरा हजार हेक्टर. बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्याचा. त्यात ठरावीक जागी मानस असते. मानशीची लाकडी झडप एकदा जवळून पाहावी. भरतीचे पाणी नदीकडून चढू लागले की पाण्याच्याच रेट्याने ती लागते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातले जास्तीचे पाणी, त्याच्याबरोबर मासे, बाहेर निघतात. वीज नाही, यंत्र नाही, चंद्राच्या ओढीवर चालणारे दार. पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, नंतर मासे आणि मीठ, आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटीची रांग. खारफुटी बांध राखते, बांध शेत राखतो.

हे सारे चालत होते कारण बांधाची डागडुजी कोणाकडे हे ठरलेले होते. गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची संस्था, ती करत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाले, आणि ते न्याय्यच होते. पण बांधाच्या राखणीची जुनी घडी मोडली आणि नवी तितकी घट्ट बसली नाही. कुर्लीने पाडलेले भोक वेळेवर बुजवले नाही की खांड पडते, खारे पाणी आत येते, दोन-तीन वर्षे शेत पडीक राहते आणि तेथे खारफुटी उगवते. उपग्रहावरून पाहणाऱ्याला तेथे हिरवा ठिपका वाढलेला दिसतो. गावाला दिसते ते बुडालेले खाजन. आणि एकदा खारफुटी उगवली की ती तोडता येत नाही, कारण तिला कायद्याचे कडक संरक्षण आहे, त्यामुळे शेत परत मिळवायचा मार्गही अवघड होतो.

मग काय, खारफुटी तोडावी? माझे मत तसे नाही. बांधाबाहेरची आणि नदीकाठची खारफुटी पूर्णपणे राखावी, आणि खाजनाच्या आत ती पसरू नये म्हणून बांध आणि मानस वेळच्या वेळी दुरुस्त व्हावी. २०११ च्या अधिसूचनेतही खाजनांचे नकाशे करावेत, त्यांच्या व्यवस्थापनाची योजना करावी आणि लगतची खारफुटी राखावी, असे एकत्रच म्हटले आहे. निसर्ग आणि शेत ही दोन्ही एकाच बांधाच्या दोन बाजू आहेत, हे त्या मजकुरात नीट पकडलेले आहे.

अभयारण्य जाहीर केले की काम झाले का?

शेजारच्या मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, २९.१२ चौरस किलोमीटरचे. तेथील प्रवाळ आणि मासे पाहता जागा अचूक निवडलेली होती. पण मच्छीमारांना त्यात आपला रोजगार जाताना दिसला, विरोध झाला, आणि कागदावरचे संरक्षण पाण्यात उतरायला अडखळत राहिले. ज्याच्या दारात राखण करायची त्याला विश्वासात घेतले नाही तर काय होते, त्याचे हे उदाहरण.

३० टक्क्यांचे उद्दिष्ट वाचताना हे ध्यानात असावे. आज जगातील समुद्राचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग कोणत्या ना कोणत्या नावाने संरक्षित आहे, आणि जेथे मासेमारी खरोखर थांबलेली आहे असा भाग त्याहून बराच कमी. ज्या पाण्यात जाळे पूर्वीसारखेच ओढले जाते ते पाणीही टक्केवारीत मोजले जाऊ शकते.

मग खुल्या समुद्राचा करार कशासाठी?

आतापर्यंत रानात, म्हणजे २०० सागरी मैलांपलीकडे, जीवसृष्टीसाठी राखीव क्षेत्र ठरवण्याची जगाला एकत्रित अशी रीतच नव्हती. हा करार ती देतो. सर्वसहमती झाली नाही तर उपस्थित सदस्य देशांच्या तीन चतुर्थांश मतांनी तेथे संरक्षित क्षेत्र ठरवता येईल. मोठे प्रकल्प आखताना पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासावा लागेल. समुद्री जीवांपासून मिळणाऱ्या औषधी द्रव्यांचा लाभ श्रीमंत देशांपुरता राहू नये, ह्याचीही तरतूद आहे. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये ह्या करारावर सही केली.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. मासेमारीचे नियमन आणि समुद्रतळाची खाणकामे ह्यांसाठी आधीपासून वेगळ्या संस्था आहेत, आणि हा करार त्यांच्या जागी येत नाही. तरीही त्याचा संबंध आपल्या ताटाशी आहे. अरबी समुद्राच्या मध्यावर, कोणाच्याच हद्दीत नसलेल्या पाण्यात, परदेशी बोटींची माणक्यांची (स्क्विडची) मासेमारी गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. तेथे जे खरवडून नेले जाते त्याचा परिणाम मोठ्या माशांच्या खाद्यावर होतो, आणि ते मासे आपल्या पाण्यात येतात.

तापमानाला कुंपण नाही

ह्या सगळ्या राखणीने न थांबणारी एक गोष्ट उरते. अरबी समुद्र तापतो आहे. आपल्या किनाऱ्यासमोर पावसाळ्यात आणि त्यानंतर तळाचे कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते. हे नैसर्गिक असले तरी त्यात बदल होतो आहे का, हे पाहण्यासाठी दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९० च्या दशकापासून कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागेचे पाणी नियमित तपासत आली आहे. हीसुद्धा राखणच आहे, नुसती नोंद ठेवण्याची.

कासवांवर तापमानाचा परिणाम थेट होतो. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंशांच्या वर गेले की माद्या अधिक निपजतात, आणि वाळू फारच तापली तर अंडीच मरतात. म्हणून काही ठिकाणी घरट्यांवर सावली धरू लागले आहेत. चुडतांचे झाप, चार बांबू आणि वाळूत खोचलेला तापमापक. सकाळी आणि दुपारी कोणीतरी वाकून आकडा पाहतो, पाटीवर तारखेखाली लिहितो आणि ऊन फिरले की झाप सरकवतो.